जगातले धर्म शिकवायचे आणि शीख धर्म एका ओळीत? अभ्यासक्रमासाठी मदत पाहिजे

कापूसवेळ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणात दुसऱ्या शाखेच्या पोरांसाठी जे ओपन इलेक्टिव्ह आले ना, त्यात आमच्याकडे 'जगातील प्रमुख धर्म' असा पेपर करायचं चाललंय, दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. कच्चा आराखडा काल हातात आला. घटक चार: हिंदू, बौद्ध-जैन, ज्यू-ख्रिश्चन, इस्लाम. शीख धर्म कुठंय म्हणून बोट ठेवत ठेवत खाली आले तर पहिल्या घटकात शेवटून दुसरी ओळ, "मध्ययुगीन भक्ती चळवळ : कबीर, नानक इ." बस, एवढंच.

मला हे खरंच लागलं. जगात अडीच कोटींच्या आसपास लोक ज्या धर्माचे, स्वतःचा गुरु, स्वतःची लिपी, लग्नाची स्वतःची पद्धत, आणि आपल्याकडून शे-दीडशे किलोमीटरवर नांदेडला ज्यांचं तख्त म्हणजे धर्मपीठ, त्यांना आपण 'इत्यादी'च्या शेजारी बसवून राहिलो. मागच्या वर्षी मध्ययुगाच्या पेपरात शीख धर्मावर टीप होती तेव्हा जवळपास सगळ्या पोरांनी एकच वाक्य लिहिलं होतं, "हिंदू व मुस्लिम धर्मातील चांगल्या गोष्टी घेऊन तयार झालेला धर्म". गाईडातलं वाक्य. मी लाल पेनानं खाली रेघ मारली पण मार्क द्यावे लागले, कारण आपण शिकवलंच तेवढं.

मला तीसपैकी किमान सहा तास पाहिजेत, वेगळा घटक म्हणून. बैठकीत बोलायचं आहे. काय शिकवावं, कोणत्या क्रमानं, पोरांना कुठं न्यावं, सांगा. आणि ज्यांना वाटते की गरज नाही त्यांनीही सांगा, तिथं तेच विचारणार आहेत मला.

वर्धाकाठ | सोमवार, रात्री १०:१५

मॅडम, राग मानू नका, पण आपल्या वर्गात शीख पोरं किती? माझ्या वेळेस एकही नव्हता. तीस तासात आधीच चार धर्म कोंबलेत. आणि संविधानातच कलम २५ मध्ये हिंदू म्हटलं की त्यात शीख, जैन, बौद्ध धरले आहेत. मग पहिल्या घटकात टाकलं तर काय चुकलं?

निवृत्त_ग्रंथपाल | सोमवार, रात्री ११:०२

वर्धाकाठ भाऊ, ते कलम पूर्ण वाचा. स्पष्टीकरण दोन आहे ते फक्त २५(२)(ख) पुरतं, म्हणजे हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सगळ्या वर्गांना खुल्या करायचा जो कायदा, त्याच्यापुरतं. आणि त्याच्याच वर स्पष्टीकरण एक आहे, त्यात किरपाण बाळगणं हा शीख धर्म पाळण्याचा भाग मानला आहे. म्हणजे एकाच कलमात शीख धर्म नाव घेऊन वेगळा उभा आहे. जनगणनेत त्यांचा रकाना वेगळा, १९९२ च्या अल्पसंख्याक आयोग कायद्याखाली १९९३ मध्ये जे पाच समाज अधिसूचित झाले त्यातही शीख आहेत. २०११ ला देशात दोन कोटी आठ लाख, महाराष्ट्रात सव्वादोन लाखाच्या आसपास.

बाकी वर्गात शीख पोरगा नाही म्हणून शिकवायचं नाही, तर मग ज्यू धर्म कोणासाठी शिकवणार? ज्याच्या घरचं आहे त्याला ते घरीच कळते. कॉलेजात शिकवायचं ते दुसऱ्यांसाठी.

टायरवाला_वडकी | मंगळवार, सकाळी ६:२०

मॅडम, मी शीख आहो. हायवेवर टायरचं दुकान. माह्या आजा फाळणीत सगळं सोडून आला, आधी नागपूर, मग ट्रकच्या लाईनीनं इकडं. घरात पंजाबी, दुकानात वऱ्हाडी, हेच आमचं.

वर्गात कोणी नाही म्हनता ना, मी होतो. अख्ख्या शाळेत एकटा. पटका बांधून जायचो. पाचवीत गुरुजीनं फळ्यावर लिहिलं, शीख पंथ, हिंदू धर्माची शाखा, आन् मंग माह्याकडं पाहून म्हनले, बरोबर ना रे? मी मान हलवली. दहा वर्साचं पोरगं काय बोलणार. घरी येऊन आजाले सांगितलं तं तो काही बोलला नाही, पाटावर बसवून माहे केस सोडले, कंगव्यानं इंचरले, तेल लावलं, जुडा बांधून दिला, आन् म्हने जपजी म्हन, आमची सकाळची प्रार्थना. तवा म्हनलो, अर्थ आता समजून राहिला चाळीशीत.

गुरुजी वाईट नव्हते. जीव लावायचे. त्यायलेच कोणी शिकवलं नव्हतं. म्हनून तुमचे सहा तास व्हाले पाहिजे, तुमच्या वर्गातलेच पोट्टे उद्या मास्तर होतीन.

आर्वीचा_परदेशी | मंगळवार, सकाळी ७:०५

टायरवाला दादा, वाचून गलबलून आलं.

मी कॅलिफोर्नियात असतो. इथं कॉलेजात 'वर्ल्ड रिलिजन्स' नावाचा कोर्स घेतला होता, सोळा आठवडे, आणि शीख धर्म शेवटच्या आठवड्यात, तोही ताओ, शिंतो आणि 'इतर'सोबत. पुस्तकात पंधरा-वीस पानं होती पण सर चाळीस मिनिटांत उरकून मोकळे. आणि हे कॅलिफोर्नियात, जिथं शंभर वर्षांपासून पंजाबी शेतकरी आहेत, स्टॉकटनचा गुरुद्वारा १९१२ चा आहे! माझ्या बाजूला पगडीवाला एक मुलगा बसायचा, तो वही बंद करून खिडकीबाहेर पाहत बसला होता ते मला अजून दिसते.

आणि हे नुसतं मानापानाचं नाही हो. ९/११ नंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर २००१ ला, ॲरिझोनात मेसा इथं बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपावर गोळी घातली, पगडी पाहून. २०१२ मध्ये ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार, सहा जण तिथंच गेले. शेजारी कोण राहते हे माहीत नसलं की काय होते ते इथं पाहिलं. पगडी म्हणजे काय हे शिकवायला एक तास लागते फक्त. इथं सांता बार्बराच्या विद्यापीठात वगैरे शीख अभ्यासाची अध्यासनं आहेत, पण खालच्या कॉलेजांत अजून शेवटचा आठवडाच आहे.

नर्सीचा_वारकरी | मंगळवार, दुपारी १:३०

रामकृष्ण हरी. मी वाशिमकडचा, नर्सी नामदेव आमच्यापासून जवळच. ताई, सुरुवात नामदेव महाराजांपासून करा. गुरु ग्रंथसाहिबात महाराजांची ६१ पदं आहेत. आपला शिंपी, विठोबाचा लाडका, पंजाबात घुमानला जाऊन राहिला. २०१५ चं साहित्य संमेलन घुमानलाच झालं, सदानंद मोरे अध्यक्ष होते, तेव्हा आमच्या गावचेही लोक गेले होते. पोरांना सांगा की शीख धर्माचा पाया आपल्या नामदेवानं घातला, बघा पोरं कान टवकारून ऐकतात का नाही.

ओंकार_वाचक | मंगळवार, सायंकाळी ५:४५

माऊली, नामदेवांबद्दल तुमच्याइतकंच प्रेम मलाही आहे, पण 'पाया आपल्या नामदेवानं घातला' हे नको. तसं म्हटलं की पुन्हा तोच प्रकार, त्यांचं घर आणि मालकी आपली. नामदेव १२७० ते १३५०. गुरु नानक १४६९ चे. मध्ये शंभरावर वर्षं गेली. नामदेवांनी शीख धर्म काढला नाही. गुरु अर्जनदेवांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ, म्हणजे ग्रंथसाहिबाचं पहिलं रूप, सिद्ध केला तेव्हा नामदेवांची वाणी आदरानं त्यात ठेवली. निवड त्यांची आहे, त्यांच्या कसोटीवर.

आणि ती निवड बघा कशी आहे! नामदेव शिंपी, कबीर विणकर, रविदास चर्मकार, सैन न्हावी, सधना खाटीक, धन्ना जाट, शेख फरीद मुसलमान सूफी, पीपा राजा. हे सगळे एकाच ग्रंथात, आणि त्या ग्रंथापुढे सगळे डोकं टेकवतात, म्हणजे शिंप्याच्या आणि चर्मकाराच्या शब्दापुढेही टेकवतात. त्या काळात हे झालं. वर्गात या एका गोष्टीवर पूर्ण तास जाऊ द्या.

दुसरं, त्या पदांमध्ये 'बीठल' शब्द येतो. आपल्याला लगेच विटेवरचा दिसतो. शीख परंपरा मात्र तो शब्द निराकाराचं एक नाव म्हणून वाचते, कारण ग्रंथ उघडतोच 'इक ओंकार'नं, म्हणजे ईश्वर एकच. एकच शब्द, पंढरपुरात एक ऐकू येते आणि घुमानला दुसरं. पोरांना दोन्ही ऐकवा आणि विचारा फरक काय. मला वाटते यातून जे समजेल ते गाईडातल्या दहा पानांतून समजणार नाही.

नर्सीचा_वारकरी | मंगळवार, रात्री ८:१०

बरोबर बोलले भाऊ. मी प्रेमापोटी लिहिलं पण 'आपला' म्हणता म्हणता दुसऱ्याचं ओढून घेतो आपण, हे लक्षात आलं नव्हतं. देऊळ फिरल्याची कथा आहे ना, नामदेवाला कीर्तनातून उठवलं, तो मागं जाऊन गायला लागला आणि देऊळच त्याच्याकडं वळलं, आम्ही औंढ्याची म्हणून सांगतो ती, तर तोच प्रसंग ग्रंथसाहिबातल्या त्यांच्या पदात आहे. आमच्याकडे लहानपणापासून ऐकली. तिकडच्या लोकांनी तीच गोष्ट चारशे वर्षं रागात गायली हे कळल्यावर मला फार भरून आलं होतं, म्हणून तसं लिहिल्या गेलं.

१४_ऑक्टोबर | मंगळवार, रात्री ९:२५

जयभीम. मॅडम, विदर्भात हा पेपर शिकवायचा आणि बाबासाहेबांचा संदर्भ नाही असं करू नका. १३ ऑक्टोबर १९३५ येवला, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा. त्यानंतर शीख धर्माचा बाबासाहेबांनी गंभीर विचार केला, एप्रिल १९३६ मध्ये अमृतसरला शीख मिशनरी परिषदेला स्वतः गेले. मुंबईत माटुंग्याचं खालसा कॉलेज १९३७ मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं काढलं, त्यामागेही बाबासाहेबांची प्रेरणा होती. शेवटी दीक्षाभूमीवर १९५६ ला बुद्धाचा धम्म घेतला, तो निर्णय पूर्ण विचारांती. पण ज्या माणसानं सगळे धर्म तपासून पाहिले त्यानं शीख धर्म वेगळा पर्याय म्हणून तपासला. शाखा असती तर तपासला असता का? बैठकीत हेच विचारा.

आणि बौद्ध-जैन एका घटकात कोंबलेत तेही बरोबर नाही. आमच्या नागपूर विभागात तरी नाही.

एमए_सेकंड_इयर | मंगळवार, रात्री १०:५०

मी मॅडमसारख्याच पेपरची विद्यार्थिनी होते. आम्हाला सरांनी तक्ता दिला होता, आडव्या रकान्यात धर्म, उभ्यात संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, सण. परीक्षेला एकदम सोपं, पाठ करून मार्क मिळाले. पण नंतर नांदेडला गेले तेव्हा कळलं की तक्ताच चुकीचा होता.

म्हणजे असं की संस्थापक – गुरु नानक, ग्रंथ – गुरु ग्रंथसाहिब. पण शिखांसाठी दहा गुरुंमध्ये एकच ज्योत आहे आणि १७०८ मध्ये नांदेडला गुरु गोविंदसिंगांनी देह ठेवायच्या आधी गुरुपद ग्रंथाला दिलं. मग ग्रंथ हा 'ग्रंथ' रकान्यात लिहायचा की 'गुरु' रकान्यात? तो वाचायचं पुस्तक नाही, तो हजर असलेला गुरु आहे. पहाटे प्रकाश करतात, रात्री सुखासनाला नेतात, वर चवरी ढाळतात. मी तिथं उभी होते तेव्हा एक म्हातारी बाई चवरीकडं पाहत होती, तिचे ओठ हलत होते, आणि मला पहिल्यांदा समजलं की ही मूर्तीही नाही आणि पुस्तकही नाही, शब्द आहे. १४३० पानं, त्यांना पानं नाही म्हणत, अंग म्हणतात. बहुतेक वाणी रागांमध्ये लावलेली, ३१ राग. म्हणजे हा धर्म वाचायच्या आधी ऐकायचा आहे. पहिल्या तासाला कीर्तन ऐकवा मॅडम, तक्ता देऊ नका प्लीज.

कापूसवेळ | मंगळवार, रात्री ११:३०

वाचून राहिले सगळं, डोळ्यात पाणी आहे. तक्ता मीच देत होते आतापर्यंत. १४_ऑक्टोबर दादा, बौद्ध धर्माला पूर्ण घटक पाहिजे हे मी लावून धरते, मला ते आधीच दिसायला पाहिजे होतं.

तांड्यावरचा | बुधवार, सकाळी ८:००

जय सेवालाल. मॅडम, तुमच्या तालुक्यात बंजारा पोरं बरीच असतीन, त्यायच्यासाठी एक गोष्ट. १६७५ मध्ये दिल्लीत चांदणी चौकात गुरु तेगबहादुरांचं शीर कापलं, काश्मिरी पंडितांच्या बाजूनं उभे राहिले म्हनून. धड उचलायची कोणाची हिंमत नव्हती. ते लखी शाह वंजाऱ्यानं, तांडे घेऊन फिरनाऱ्या आमच्या माणसानं, गाडीत लपवून घरी नेलं आन् अंत्यसंस्कार कोणाले दिसू नये म्हनून स्वतःच्या घरालेच आग लावली. तिथं आज रकाबगंज गुरुद्वारा आहे, संसद भवनाच्या बाजूले. आमच्या पोट्ट्यायले हे माहीत नाही. मलेही तिशीत समजलं, ट्रकवर होतो तवा एका ग्यानीजीनं सांगितलं. दुसऱ्याच्या धर्मासाठी जीव देणारा गुरु आन् त्याच्यासाठी घर जाळणारा बंजारा, हे सिलॅबसमध्ये काहून नाही?

शेंबाळपिंपरी_रोड | बुधवार, सकाळी ९:१५

आमच्या आठवडी बाजारात शिकलगार बसतात, कढईचे कान बसवणं, कुलपाच्या चाव्या, विळ्याला पाणी देणं. हातात कडं, डोक्याला फेटा. लोक त्यांना शीख समजतच नाहीत, 'फिरस्ते' म्हणतात. हत्यारं घडवणारे लोक, दहाव्या गुरुंच्या काळापासूनचं नातं सांगतात. शीख म्हणजे फक्त ट्रक, ढाबा आणि पंजाबची श्रीमंत शेती असं पोरांच्या डोक्यात आहे ते निघेल. सिंधी दुकानदारांच्या दरबारातही ग्रंथसाहिब असते, ते नानकपंथी. हेही सांगा, सीमा किती धूसर आहे ते कळू द्या.

वर्धाकाठ | बुधवार, दुपारी २:४०

ठीक आहे, कलमाचं मी अर्धवट वाचलं होतं, मान्य. पण एक शंका राहते. 'हिंदू मुस्लिम मिश्रण' हे चूक म्हणता तर मग बरोबर उत्तर काय लिहायचं पोरांनी? एका ओळीत जमेल असं काही पाहिजे ना, नाहीतर गाईडच जिंकते.

ओंकार_वाचक | बुधवार, सायंकाळी ६:३०

चांगला प्रश्न. मिश्रण म्हटलं की नानकांकडे स्वतःचं सांगायला काही नव्हतं असा अर्थ होतो. जन्मसाखीत, म्हणजे नानकांच्या चरित्रकथांत, येते की सुलतानपूरला नदीतून तीन दिवसांनी बाहेर आल्यावर ते म्हणाले, ना कोणी हिंदू, ना कोणी मुसलमान. म्हणजे त्यांनी बेरीज केली नाही, ते त्या नावांच्या पलीकडून बोलत होते.

त्यांचा प्रश्न असा की माणूस सत्याचा कसा होईल, मधली खोट्याची भिंत कशी पडेल. उत्तर, हुकुम म्हणजे ईश्वराची इच्छा ओळखून त्याप्रमाणे चालणं. आडवं काय येते, तर हउमै, मी-मी. ती कशी जाते, तर नामानं, संगतीनं, सेवेनं. आणि हे संसार सोडून नाही, संसारात राहून. नानक स्वतः शेवटची वर्षं करतारपूरला शेती करत राहिले, १५३९ ला तिथंच गेले. किरत करो, नाम जपो, वंड छको. कष्ट करा, नाम घ्या, वाटून खा. एका ओळीत पाहिजे तर हीच लिहायला सांगा, त्यांच्याच शब्दात. आमच्या शेतकऱ्याच्या पोराला यातला एकही शब्द परका वाटणार नाही.

मग १६९९, आनंदपूर, गुरु गोविंदसिंगांनी उभा केलेला खालसा, म्हणजे अमृत घेतलेल्या शिखांचा पंथ. त्यातले पहिले पाच, पंच प्यारे, लाहोर, हस्तिनापूर, जगन्नाथपुरी, द्वारका आणि बिदरचे, आणि पाचवे साहिबसिंग जातीनं न्हावी. खालसा फक्त लढण्यासाठी झाला असं शिकवतात, ते अर्धंच आहे. पाचही जणांना एकाच बाट्यातून (भांड्यातून) अमृत दिलं आणि मग गुरुंनी हात जोडून त्यांच्याकडूनच अमृत मागितलं.

हायवे_४४ | बुधवार, रात्री ९:५५

मी जास्त शिकलो नाही, पण एक सांगतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी, बायको आन् चार वर्साची पोरगी हैदराबादकडून निघालो, अर्धं पायी, अर्धं ट्रकवर. पांढरकवड्याच्या पुढं करंजीजवळ हायवेला टिनाचा शेड, तिथं लंगर. अख्ख्या पट्ट्यात दुसरं काही चालू नव्हतं. पहिले पाणी आन् साबण दिला, म्हने आंघोळ करून घ्या बेटा. मंग रांगेत बसवलं. डाळ, भात, आलू-वांग्याची भाजी. बाजूले एक बिहारचा, एक मुसलमान जोडपं, मांगं दोन साधू. कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच. पोरगी तीन दिवसानं पोटभर जेवली आन् तिथंच पंगतीत झोपली तं एका सेवादारानं तिच्या अंगावर आपला गमछा टाकला.

आमच्या गावच्या भंडाऱ्यात अजून कोण कुठं बसते ते ठरलेलं आहे. म्हनून मले पंगत शब्दाचा अर्थ त्या दिवशी समजला. तिथून आत जंगलात वाईकडं भगोड साहिब गुरुद्वारा आहे, दशम गुरु नांदेडले जाताना थांबले होते म्हनतात. मॅडम, पोरायले तिथं घेऊन जा. नांदेड नंतर.

कापूसवेळ | गुरुवार, रात्री १०:२०

बैठक झाली आज. सगळं सांगत नाही, पण दोन तास बोलणं झालं. हायवे_४४ भाऊंची पोस्ट (नाव गाळून) मी वाचून दाखवली, तेव्हा कोणी मध्ये बोललं नाही. सहा मागितले, पाच तास मिळाले, वेगळा घटक. बौद्ध धर्मही वेगळा झाला. जैन धर्माचा तिढा अजून आहे.

माझा क्रम असा ठरवलाय. पहिला तास काहीच न सांगता कीर्तन ऐकवायचं, मग पंगत आणि लंगर. दुसरा नानक, करतारपूर, हुकुम, हउमै. तिसरा ग्रंथ, त्यात भगतांची वाणी आणि तिथंच नामदेव, त्यांच्या ग्रंथातले म्हणून. चौथा तेगबहादुर, लखी शाह, खालसा, पाच ककार (केस, कंगवा, कडं, कच्छ, किरपाण), आणि लढाईत उतरलेली माई भागो, कारण मुलींनी विचारलंच पाहिजे की बायका कुठं होत्या. पाचवा आजचे शीख, म्हणजे शिकलगार, नानकपंथी सिंधी, नांदेडचं हजूर साहिब, कॅलिफोर्निया. तक्ता नाही.

टायरवाला दादा, पाचव्या तासाला तुम्ही याल का? आणि करंजीला कधी नेऊ? कार्तिक पौर्णिमेला नानक जयंती म्हणून तेव्हा न्यायचं डोक्यात होतं, पण तेव्हा अर्धी पोरं वेचणीला असतात. बैसाखीला परीक्षा.

टायरवाला_वडकी | शुक्रवार, सकाळी ६:०५

येतो मॅडम. कॉलेजात बोलाले कोणी बोलावलं नव्हतं आजपर्यंत, माह्या पोरगीले संग आणतो, ती दहावीत आहे, तिले माह्यापेक्षा जास्त येते.

करंजीले कोन्या सणाची वाट पाहू नका, लंगर रोजच असते. वेचणी झाल्यावर एखाद्या रविवारी आणा. पोरांयले सांगा डोकं झाकाले रुमाल नाहीतर दुपट्टा घरूनच आणाचा, आन् नुसतं जेवून परत नाही याचं. सकाळी लवकर निघा, पोळ्या लाटाले, भांडे घासाले बसवू सगळ्यायले. किती जण ते आदल्या दिवशी कळवा, म्हंजे कणकीचा अंदाज येईन.